डमी काढायची नाही

शुक्रवारी आनंदनगरच्या कंपन्या बंद असतात आणि लाइटही जाते. सकाळी गेली की दुपार उतरेपर्यंत यायचं नाव नाही. विनीतला सुट्टी होती. आईने गव्हाचा डबा हातात देऊन सांगितलं, "चक्कीवर टाकून ये, लाइट आली की दळून ठेवील तो." कात्रपच्या चक्कीवर डबा ठेवून तो वळला आणि तेवढ्यात कॉलेजातल्या तेजलचा फोन आला.

"विन्या, ग्रंथालयाचा माळा रद्दीत चाललाय. उल्हासनगरचा रद्दीवाला उद्या सकाळी टेम्पो घेऊन येणार. वर तुझं जे काय आहे ते आजच ने."

"माझं वर काही नाही."

"तिची डमी आहे," तेजल म्हणाली.

विनीतने रिक्षाला हात केला.

डमी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ग्रंथालयातलं पुस्तक बाहेर गेलं की त्याच्या जागी पुठ्ठ्याची एक पट्टी उभी करतात. तिच्यावर पुस्तकाचा नंबर, खाली ते कोणाकडे गेलंय त्याचं नाव. पुस्तक परत आलं की डमी काढायची, त्याच्या आधी नाही. डमी काढली याचा अर्थ एकच, पुस्तक आलं. हिंदुराव सरांनी शिकवलेलं एवढंच काय ते धड. बाकी ते पिवळ्या नोट्समधून वाचून दाखवायचे, आणि पान उलटायला विसरले की तेच परत वाचायचे. मुलं तेच परत लिहून घ्यायची.

अंबरनाथच्या त्या कॉलेजात ग्रंथालयशास्त्राच्या एम.लिब.ला विनीतच्या वर्गात नऊ टाळकी होती. दुसरीकडे कुठे नंबर न लागलेली, नाहीतर घरच्यांना ‘शिकतोय’ म्हणून सांगायला आलेली. पण जिज्ञासा आली आणि त्या नऊ टाळक्यांचं घर झालं. बदलापूर गावातली पोरगी. केसांचा अंबाडा, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, आणि पेन्सिलीचं टोक चावून चावून झाडूच्या काडीसारखं केलेलं. ती प्रत्येक गोष्टीला वर्गीकरणाचा नंबर लावायची. चहा सहाशे एक्केचाळीस, स्वयंपाकात. हिंदुराव सर पाचशे चौतीस.

"पाचशे चौतीस म्हणजे?" तेजलने विचारलं होतं.

"ध्वनी," जिज्ञासा म्हणाली. "नुसता ध्वनी."

अल्पेशच्या वडिलांची उल्हासनगरला बेकरी होती. त्याने केकची खोकी आणली आणि जिज्ञासाने सगळ्यांना आपापली डमी करायला लावली. कोणी गैरहजर असलं की त्याच्या खुर्चीवर त्याची डमी उभी राहायची, आणि ‘कोणाकडे’ पुढे पेन्सिलीने कारण. ‘तेजल. कोणाकडे: डोंबिवलीच्या मावशीकडे.’ ‘विनीत. कोणाकडे: झोपेकडे.’ माणूस आला की स्वतः डमी उचलायचा, खोडरबराने पुसायचा, आणि सगळे ओरडायचे, "आलं, आलं, परत आलं!" विनीत कधी कधी मुद्दाम उशिरा जायचा. आपण आलो म्हणून इतक्या लोकांनी ओरडावं, असं त्याच्या आयुष्यात त्याआधी घडलं नव्हतं आणि नंतरही नाही.

आणि पुस्तकांची मोजणी. ती जोडीने करायची. एकाने नंबर पुकारायचा, दुसऱ्याने फळीवर बघून ‘आहे’ म्हणायचं. तीनदा पुकारून उत्तर आलं नाही तर गहाळ धरून डमी लावायची. एक कपाट संपलं की पाळी बदलायची, पुकारणाऱ्याने उत्तर द्यायचं. विनीतची जोडी जिज्ञासाशी असायची. ती ‘आहे’ नुसतं म्हणायची नाही. ‘आहेऽऽ’ असं लांबवायची, जणू दारात कोणी विचारतंय ताई घरात आहेत का, आणि आतून ओला हात पुसत कोणी ओ देतंय. विनीतला आणखी काहीतरी विचारायचं होतं तिला. कपाटं बरीच आहेत, विचारू सावकाश, असं त्याला वाटायचं.

मग तपासणी समिती येणार म्हणून हिंदुराव सरांची धांदल उडाली. शुक्रवार होता, लाइट नव्हती. विनीतला त्यांनी पाहुण्यांसाठी हार आणायला पिटाळलं आणि दोघांचं काम देऊन जिज्ञासाला एकटीला माळ्यावर पाठवलं. माळ्यावरची लोखंडी कपाटं भिंतीला ठोकलेली नव्हती, हे सरांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. विनीत हार घेऊन आला तेव्हा जिन्याखाली गर्दी होती. वर एक कपाट जिज्ञासाच्या अंगावर कोसळलं होतं, आणि ती गेली होती.

पोलिसांना आणि तिच्या आईला सर म्हणाले, "मुलगी स्वतःहून वर गेली."

विनीत सगळ्यांसमोर ओरडला, खोटं बोलताय तुम्ही. सर म्हणाले, माफीनामा लिहून दे, मगच परीक्षेला बस. त्याने लिहिला नाही. ज्यांचे केस पिकलेत त्यांना माफी मागता येत नाही म्हणून ती पोरांकडून लिहून घेतात. बाकीचे परीक्षेला बसले, पास झाले. तेजल तिथेच कंत्राटी नोकरीला लागली. जाण्याआधी मुलांनी एक केलं. वर ते कपाट परत उभं केलं होतं, त्यात एका फळीवर तिची डमी ठेवली. ‘जिज्ञासा’, तिच्याच अक्षरात. ‘कोणाकडे’ पुढे काय लिहायचं ते कोणाला सुचलं नाही. तसंच कोरं राहिलं.

विनीतकडे त्या दिवसांतलं काहीच नव्हतं. डिग्री नाही, एक फोटोसुद्धा नाही. पुठ्ठ्याची ती पट्टी उद्या रद्दीत जाऊन लगदा होणार होती.

कॉलेजात सामसूम. तेजल जिन्याशी उभी होती, अंगाने थोडी भरलेली, चष्मा लागलेला.

"सर केबिनमध्ये आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. "वर कोणाला पाठवू नको म्हणालेत. सरकवासरकवी झालीये, कुठल्या कपाटात आहे ते मला पण माहीत नाही. तू हो पुढे. मी त्यांना चहात गुंतवते आणि येते."

"अजून चहा तूच देतेस त्यांना?"

"टोमणे नको मारू. चढ."

माळ्यावर दुपार नव्हतीच. झरोक्यावर वर्तमानपत्रं चिकटवलेली, त्यातून चहासारखा उजेड झिरपत होता. डांबरगोळ्या, कुजका पुठ्ठा, आणि एमआयडीसीतून येणारा तो आंबूस वास. सगळं जुनंच, तरी विनीतला बरं वाटलं. मोबाइलच्या उजेडात कपाटांच्या पाठी दिसत होत्या आणि त्यांवरची नंबरांची लेबलं. फळ्यांचं तोंड पलीकडे, भिंतीकडच्या अरुंद बोळात. तिथे बारीक माणूसच मावायचा.

मागे जिना करकरला. पलीकडच्या बोळात पावलं सरकत गेली.

"तेजल? तू फळ्या बघ. मी लेबलं पुकारतो. डमी दिसली की सांग."

उत्तर आलं नाही, पण पावलं थांबली. विनीतने पुकारलं.

"आठशे एक्याण्णव."

"आहे."

"नऊशे दहा."

"आहे…"

तो पुढे सरकत गेला. किती दिवसांनी हे काम करत होतो आपण! जीभ आपोआप वळत होती. पलीकडून आवाज त्याच्याबरोबर कपाटामागून कपाट येत होता, हलका, थोडा हसरा. कंपनीत दिवसभर खोकी उचलणारा, घरी आईशी दोन शब्दांवर तिसरा न बोलणारा विनीत अंधारात चक्क हसला.

"नऊशे वीस."

"आहेऽऽ"

"तू पण तिच्यासारखंच बोलायला लागलीस," तो म्हणाला. "नऊशे चोपन्न."

पलीकडे जरा थांबून…

"डमी."

अगदी जवळून. एका पत्र्याच्या पलीकडून. विनीत वळसा घालून बोळात शिरला, खांदे तिरके करून. बोळात कोणी नव्हतं. फळीवर, दोन जाडजूड पुस्तकांच्या मधे, केकच्या खोक्याचा पुठ्ठा उभा होता. ‘जिज्ञासा’. त्याने तो ओढून घेतला. मागची धूळ खाली बसली, आणि फळीवरची ती फट, त्याच्या डोळ्यांसमोर, सावकाश, पुस्तकं न हलता, भरल्यासारखी काळी झाली.

"विन्या!" जिन्याच्या पायथ्याशी तेजलचा दबलेला आवाज. "सापडली का रे? ये लवकर… ते मला सोडेनात, आत्ता निघाले केबिनमधून."

विनीत कसा उतरला ते त्याला आठवत नाही. खाली तेजल होती, हातात चहाचा रिकामा ट्रे.

"तू वर आली होतीस," तो म्हणाला.

"नाही रे. मी केबिनमध्येच… तुला काय झालं?"

हिंदुराव सर आले. म्हातारे झाले होते, शर्टाची बटणं खालीवर. त्यांनी विनीतकडे बघितलं नाही. त्याच्या हाताकडे बघितलं.

"काढलीस?"

"उद्या रद्दीत देणार होतात ना."

"रद्दीवाल्याला काय कळतं त्यातलं… तो काढतो त्याचा काही अर्थ होत नाही. तुला शिकवलंय. तू काढलीस." त्यांनी जिन्याकडे बोट केलं. "ठेव परत. आत्ता ठेव."

"का? तुम्हाला काय त्रास होतो तिचा?"

सर भिंतीला टेकले. "शुक्रवारी लाइट गेली की वर कोणीतरी पुकारतं. एक नंबर. मग थांबतं. उत्तराची वाट बघतं… मग परत तोच नंबर."

"मग द्यायचं होतं उत्तर," विनीत म्हणाला. "तिच्या आईला दिलंत तसं."

त्यांच्या तोंडून ध्वनीसुद्धा निघाला नाही. विनीतला वाटलं होतं आपल्याला गंमत वाटेल. नाही वाटली.

घरी पोहोचला तोवर लाइट आली होती. पंखा फिरत होता, समोरच्या बिल्डिंगमध्ये टीव्ही लागला होता.

"दळण कुठाय?" आईने विचारलं.

"विसरलो."

"जीव विसरला नाहीस कुठे ते नशीब. बस, मीच जाते." पायांत चपला सरकवत ती गेली.

विनीतने डमी टेबलावर ठेवली. नावातला ज्ञ तिने मोठ्ठा काढला होता, खाली शेपटी वेलांटीपर्यंत नेऊन. ‘कोणाकडे’ पुढे अजून कोरंच. आता ती इथे होती, कोणी ओरडायला नव्हतं. "आलं," तो स्वतःशीच म्हणाला, "परत आलं." आणि मग, कपाटं बरीच आहेत असं समजून ज्या आवाजात तो पुकारायचा त्याच आवाजात, हळूच…

"जिज्ञासा."

कपड्यांच्या कपाटामागून, भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या चार बोटं जागेतून उत्तर आलं.

"आहेऽऽ"

पंखा फिरत होता. टीव्हीवर कोणीतरी हसत होतं. विनीत जागचा हलला नाही. त्याला भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या खाली, लाज वाटावी इतका, आनंद होत होता.

ते कपाट संपलं होतं. आता पुकारायची पाळी तिची होती.

"विनीत."

त्याने तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"विनीत…" जरा जवळून.

तीनदा पुकारून उत्तर आलं नाही तर काय करायचं, ते दोघांनाही एकाच माणसाने शिकवलं होतं. विनीतने टेबलाकडे बघितलं. डमी त्याने नाव वर करून ठेवली होती. आता ती उलटी होती, कोरी बाजू वर. आणि शेजारी एक पेन्सिल होती, टोक चावून चावून झाडूच्या काडीसारखं केलेली, अजून ओली.