सीझन चालू आहे

त्या शनिवारी मी नवऱ्याला, प्रबोधला, नारळ आणायला पाठवलं होतं, बाकी काही नाही. सोलकढी करायची होती आणि डब्यातलं नारळाचं दूध मला चालत नाही. ब्युटी वर्ल्डचं मार्केट आमच्या कॉन्डोपासून रस्त्याने जवळ पडतं, पण हा माणूस जाणार जंगलाच्या कडेच्या पायवाटेनेच. सिंगापुरात बुकित तिमाहला फ्लॅट घेतला तोच मुळी त्या पायवाटेसाठी, असं तो सगळ्यांना सांगतो.

मी बँकेत इंटर्नल ऑडिटला आहे. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो आणि घरी आल्यावर तो स्वभाव काही खुंटीला टांगून ठेवता येत नाही. मी ताकसुद्धा फुंकून पिणारी. त्यामुळे शेजारच्या फ्लॅटमधला वॉल्टर मला पहिल्यापासून खटकायचा.

वॉल्टर अमेरिकेतल्या कुठल्याशा शेतीवाडीच्या राज्यातला. बायको गेल्यावर मुलीकडे राहायला आलेला, सत्तरी उलटलेला, ताडमाड माणूस. एरवी अगदी साधा. पण नोव्हेंबर लागला की त्याच्या डोक्यावर भडक केशरी टोपी चढायची. लिफ्टमध्ये, जेवायच्या हॉकर सेंटरवर, सगळीकडे. कोणी विचारलं तर म्हणायचा, "सीझन चालू आहे."

एकदा स्विमिंग पूलपाशी मी एकटीच त्याला भेटले, तेव्हा सरळ विचारलं. प्रबोध तेव्हा बुओना व्हिस्टाला ऑफिसात होता. वॉल्टरने मला त्याच्या गावचे नियम सांगितले. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा सीझन. परवाना हवा. सूर्य उगवायच्या अर्धा तास आधीपासून मावळल्यावर अर्ध्या तासापर्यंत बंदूक चालवायची, त्याबाहेर नाही. आणि रानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने केशरी घालायचं, म्हणजे हरीण समजून कोणी गोळी घालत नाही.

"पण हे सिंगापूर आहे," मी म्हटलं. "इथे सांबरं असतील जंगलात, पण शिकारीचं नाव काढलंत तर पोलीस घेऊन जातील."

"माझा धाकटा भाऊ टोपी न घालता निघाला होता," तो म्हणाला. "पहाटे... धुकं होतं. वेळ व्हायची होती अजून. मी थांबायला हवं होतं."

मला कळलं. या माणसाने सख्ख्या भावाला गोळी घातली होती.

"नियम मी मोडला," वॉल्टर हळू आवाजात म्हणाला. "तो मेल्यावरही मोडत नाही. दर सीझनला येतो, मी कुठेही असलो तरी. केशरी दिसलं की बंदूक खाली करतो..."

मी उठायला लागले, तर त्याने हाताने थांबवलं.

"शिकार पडली की जागेवरून हलवायच्या आधी तिच्या पायाला टॅग बांधायचा. मग ती बांधणाऱ्याची. त्याच्या घरी पोचेपर्यंत तो टॅग काढायचा नसतो."

"हे मला कशाला सांगताय?"

"तुमचा नवरा माझ्याबरोबर फिरायला येतो. त्याला यातलं काही सांगून मी घाबरवणार नाही. नुसती टोपी देईन. ती त्याला घालायला लावा."

मी प्रबोधला यातलं अक्षरही सांगितलं नाही. म्हाताऱ्याला एक तर वेड लागलंय किंवा खून पचवून तो आता भुताच्या नावावर खपवतोय, असं माझं मत झालं. वॉल्टरबरोबर फिरणं कमी कर एवढंच मी बोलले. त्यावर प्रबोध हसला. "तुला तर देवळातल्या पुजाऱ्याचाही संशय येतो!"

पुढच्याच आठवड्यात वॉल्टर नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलमध्ये वारला. शांतपणे, झोपेत. त्याच्या मुलीने ती केशरी टोपी प्रबोधच्या हातात दिली आणि याने ती दाराजवळच्या हुकला लावली. गेलेल्या माणसाच्या डोक्यावरची टोपी! आमच्याकडे मेल्या माणसाच्या अंगावरचं कोणी घरात ठेवत नाही. प्रबोध अंघोळीला गेल्याबरोबर मी ती उचलून कचरा खाली सोडायच्या शूटमध्ये टाकली. खाली पडल्याचा आवाज ऐकून मला बरंच वाटलं.

तर त्या शनिवारी प्रबोध निघताना हुक चाचपत होता.

"टोपी कुठे गेली गं?"

"टाकली."

"अगं, त्याने आठवणीने दिली होती!"

"नारळ पाणीदार बघून आण," मी म्हटलं. तो कुरकुरत निघाला. अंगात मातकट रंगाचा टी-शर्ट होता.

सूर्य मावळला. मी आमसुलं भिजत घातली, मिरची-लसूण वाटून ठेवलं. तो आला नाही. मग फोन वाजला.

"साधना..." तो कुजबुजत होता. "कोणीतरी मागे आहे."

"माकडं असतील."

"मी थांबलो की थांबतंय... बूट आहेत गं पायात."

फोन बंद झाला. मी चप्पल घातली आणि वळले तर कपाटाच्या दाराला मंडळाच्या गणपतीच्या मिरवणुकीतलं भगवं उपरणं लटकत होतं. का उचललं ते सांगता येणार नाही. म्हणजे येईल. माझा वॉल्टरवर विश्वास बसला होता, लिफ्टची वाट बघत उभी असतानाच.

पायवाटेवर झाडांखाली पुरता अंधार झाला होता. रोज या वेळी रातकिड्यांनी कान किटतात. त्या दिवशी एकही बोलत नव्हता. सिंगापुरात कधी थंडी वाजत नाही, मला वाजत होती. आणि वास येत होता. लहानपणी दिवाळीत लक्ष्मी बार उडवल्यावर अंगणात राहायचा तोच, जळक्या दारूचा. इथे फटाक्यांना बंदी आहे.

मोबाईलच्या उजेडात प्रबोध दिसला. वाटेच्या मधोमध, मान वर करून, अगदी स्थिर उभा होता. नारळाची पिशवी हातात तशीच होती.

"प्रबोध..."

त्याने फक्त मान वळवली. मी धावत जाऊन उपरणं त्याच्या खांद्यावर टाकलं, गळ्याभोवती दोन वेढे दिले. झाडीत, अगदी जवळ, कोणाचा तरी श्वास सुटला. लोखंडावर लोखंड हलकेच टेकलं. मग ओल्या पानांवरून जड बूट सावकाश लांब गेले. चोर पळतो तशी घाई त्यात नव्हती. काम आटोपलेला माणूस जातो तसे गेले.

मी प्रबोधला हाताला धरून घरी आणलं. दिवे लावले, दाराला कडी घातली आणि त्याला सोफ्यावर बसवून डोक्यापासून तपासलं. छाती, पाठ, मान. साधा ओरखडासुद्धा नव्हता. मला रडूच कोसळलं. नवरा धडधाकट घरी आला होता, मला आणखी काही नको होतं.

"पाणी देऊ?" मी डोळे पुसत विचारलं. चिखलाचे बूट तरी काढावेत म्हणून मी खाली वाकले.

उजव्या घोट्याला सुतळी बांधलेली होती. तिला एक पिवळा जाड कागद लोंबत होता. त्याच्या कडेला तारखा छापलेल्या होत्या आणि आजच्या तारखेपाशी चाकूने खाच पाडलेली होती.

मी स्वयंपाकघरातून कात्री आणली.

"असू दे," प्रबोध म्हणाला. घरी आल्यापासूनचं त्याचं ते पहिलं वाक्य. आवाज अगदी शांत होता. "तो काढायचा नसतो, साधना. घरी पोचेपर्यंत."

हा नियम वॉल्टरने फक्त मला सांगितला होता.

"प्रबोध... आपण घरीच आहोत ना रे?"

मान वर करून, कान देऊन, तो दाराकडे बघत होता. बाहेर आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबली.