कोकरू आधी पाण्यात

हौदाच्या काठावर ओल्या फरशीवरून हरणाचा पाय सरकला आणि ती जाऊन आदळली ती थेट एका परक्या पोराच्या अंगावर! त्याच्या हातातली किटली कलंडली, चहा सगळा पांढऱ्याशुभ्र शर्टावर.

"आगं आई गं... भाजलं का वं?"

"भाजलं की," तो शर्ट झटकत हसला. "पर दुसरा च्या तुमी आणणार असला, तर हितंच हुबा हाय मी."

आता असल्या माणसाला काय म्हणावं? हरणा चिडली, लाजली... आणि जाता जाता वळून बघितलंही.

हा सयाजी. वडूजकडचा, फौजेतला जवान, सुट्टीवर आलेला. त्याची आई चंद्राबाई आणि हरणाचा बाप धुळा यांचं दुखणं एकच. पाठीच्या मणक्यातली वाट अरुंद झालेली, शिरा दबायच्या. थोडं चाललं की पायांना मुंग्या, मग पाय दगड. सांगलीच्या या दवाखान्यात कोमट पाण्याचा छातीएवढा हौद होता. पाण्यात अंगाचा भार हलका होतो, म्हणून तिथं हळूहळू चालायचं, कठडा धरून गुडघे वर घ्यायचे. सोबत घरचं माणूस उतरायचं, अशी तिथली रीत.

चंद्राबाई पाण्यात गेली की तिची टकळी सुरू. "आवं धुळाबापू, या की! म्हशीवानी निवांत वाटतंय बगा!"

धुळा मात्र बाकावर काठी रोवून बसलेला. जतकडचा धनगर तो. दुष्काळात टँकरमागं घागर घेऊन धावलेला. "गावाची तहान भागंल एवढं पाणी ह्ये. त्यात पाय घालू? पाप न्हाई लागायचं?" म्हणाला ते म्हणालाच. डॉक्टरांनी समजावलं, रागावले, शेवटी हात टेकले. आज सकाळी त्यांनी हरणाला बाजूला घेतलं. "आज उतरले नाहीत तर खाट दुसऱ्याला द्यावी लागेल. आणि असंच राहिलं तर पाय जातील त्यांचे."

तर बाप म्हणतो, "दुपारच्या गाडीनं जतला जायाचं. बोचकं बांध."

हरणा बोचकं बांधू लागली. मेंढरांमागं अख्खा मुलूख तुडवलेला हा माणूस खाटेवर पडून राहणार? आणि त्यातच दुसराही एक विचार... गाडी सुटली की सयाजी पुन्हा कुठला दिसायला! या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चाललाय म्हनं?" सयाजी जवळ आला. "आन् माझा च्या?"

"चेष्टा नगा करू वं... आबाचं पाय जात्याल."

त्याचं हसू मावळलं. "उचलून घालू का पाण्यात?"

"उचलून घातलं की मेंढरू बिथरतंय. वड्याला पाणी आलं की आमी आदी कोकरू पल्याड न्हेतो. मग त्याची आय येती मागनं आपसूक. पर कोकरू घरच्याच मानसानं न्ह्यायचं. परक्याच्या हातात ते वरडतंय, आन् कळप फिरतोय माघारी." बोलता बोलता ती थांबली. हौदाकडं बघितलं. "मला पवाया येत न्हाई."

"मग?"

"मग... धराल का माजा हात?"

सयाजीनं पाण्यात उतरून हात पुढं केला. पदर खोचून, तो धरून ती पहिली पायरी उतरली. घोट्याच्या वर पाण्यात ती जन्मात उतरलेली नव्हती.

"हरणे! काय करतीस? वर ये!" बाप ओरडला.

पाणी कमरेला लागलं. पाण्याची भीती, बापाच्या नजरेची भीती, आणि त्या उबदार तळव्याची तर सगळ्यात जास्त.

"पाण्याकडं नगा, माझ्याकडं बगा," सयाजी हळूच म्हणाला.

"तुमच्याकडं बगितलं की लयच भ्या वाटतंय..."

आणि तेवढ्यात खरोखरच पाय निसटला. पाणी हनुवटीला! तिच्या तोंडून हूं की चूं नाही, नुसता त्याचा हात घट्ट धरला.

काठी खाडकन फरशीवर पडली. धुळा कठडा धरून धोतरासकट पाण्यात उतरला, छातीएवढ्या पाण्यात पोरीपाशी आला. तिला धड उभी बघितली आणि मग कुठं त्याला स्वतःचं भान आलं. एक पाऊल टाकलं. आणखी एक.

"आरं... मुंग्या न्हाईत! पाय चालत्यात की!"

"बिरोबा पावला गं बाई!" चंद्राबाईनं काठावरून हात जोडले.

धुळा रडता रडता हसला. मग त्याची नजर त्या दोघांच्या हातांवर गेली आणि हसू थांबलं.

"मला मेंढरू केलंस व्हय गं, भवाने?" हरणाची मान खाली. "आन् तू कुणाचा रं?"

"वडूजच्या नाथाजीचा. आमी बी धनगरच, पर आज्यानं मेंढरं इकली." सरहद्दीवर न डगमगलेला जवान इथं मात्र अडखळला. "आबा, कोकरू घरच्यानंच न्ह्यायचं, हिनं सांगितलंय मला. तवा... घरचा करून घ्या. हरणा मला लय आवडती."

तिकडं गाडीची वेळ होत आलेली. हात सोडवावा असं हरणाच्या मनात आलं, पण सोडवला नाही.

धुळा पोरीकडं बघत राहिला.

"परक्याच्या हातात कोकरू वरडतंय," तो सावकाश म्हणाला. "आमचं वरडलं न्हाई."

मग कठडा धरून तो पुढं चालू लागला. "चंद्राबाई, तेवढं बोचकं सोडा आमचं. जतची गाडी जाऊ द्या."