जमिनीला टेकलेली वायर

खरं तर त्या दिवशी चाचणीच्या प्रयोगशाळेत तिनं जायचंच नव्हतं. जायचं होतं तिच्या साहेबांनी. पण आदल्या संध्याकाळी ते तापानं फणफणले आणि यंत्राची पेटी तिच्या हातात आली. पेटीतलं यंत्र तिनं दोन वर्षं लेकरासारखं वाढवलं होतं. नवजात बाळाच्या श्वासावर ते लक्ष ठेवायचं आणि श्वास अडखळला की ओरडून सगळ्यांना गोळा करायचं. ताईचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलं, तेव्हा महिनाभर काचेला नाक लावून उभी असलेली ताई तिनं पाहिली होती. यंत्राचं वेड तिथूनच लागलं.

आता एकच चाचणी उरली होती. यंत्रातून नकळत ज्या रेडिओलहरी बाहेर पडतात, त्या मर्यादेत आहेत ना? नसतील तर शेजारच्या पाळण्यावरचं यंत्र बिथरायचं.

चाचणीच्या खोलीच्या दारातच ती थबकली. भिंतींवर, छतावर, सगळीकडे हातभर लांबीचे काळे सुळके. बाहेरचं काही आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही… स्वतःचा श्वासही मोठा वाटावा अशी शांतता. मधोमध जमिनीत बसवलेली फिरती चकती, तिच्यावर लाकडी टेबल, आणि टेबलाखालून बाहेर आलेले कुणाचे तरी दोन पाय.

"पिवळ्या पट्टीच्या आत येऊ नका," पाय म्हणाले.

ती दचकून मागे सरली. पायांपाठोपाठ दातात मोजपट्टी धरलेला एक तरुण बाहेर आला. सगळे त्याला फूटपट्टी म्हणत, हे तिला चहा आणणाऱ्या मावशींकडून आधीच कळलं होतं.

त्यानं यंत्र टेबलावर ठेवलं, बोटभर सरकवलं, मोजलं, पुन्हा केसभर सरकवलं. समोरचा अँटेना बरोबर तीन मीटरवर. यंत्राची वायर टेबलामागून खाली सोडून जास्तीची लांबी त्यानं घडी घालून बांधली, ती जमिनीपासून हातभर वर लटकली पाहिजे म्हणून. वायर हीसुद्धा अँटेनाच असते, त्यानं समजावलं. चार बोटं इकडची तिकडे झाली तरी उत्तर बदलतं.

"लग्न जमवतानासुद्धा कुणी एवढं मोजत नसेल," ती म्हणाली.

"म्हणून तर फसतात…"

बोलता बोलता मोजपट्टी सटकन आत गेली आणि त्याच्या बोटाला चावली. ती हसली. तोही हसला – जरा जास्तच वेळ. मग त्यानं सेटअपचे फोटो काढले, जाड दार बंद झालं आणि चकती हळूहळू फिरू लागली. पडद्यावरची रेघ शेवटपर्यंत मर्यादेच्या खाली राहिली. यंत्र पास झालं. साहेबांनी तापातच यंत्राची वाट पाहणाऱ्या हॉस्पिटलला कळवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला.

"काल माझी चूक झाली," तो म्हणाला. "वायरची गाठ सुटली होती. ती जमिनीला टेकलेली होती. कालचा निकाल रद्द करावा लागेल."

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. "कुणी… कुणी पाहिलं?"

"मी. रिपोर्टात फोटो लावताना."

"फूटपट्टी म्हणतात ना तुम्हाला? मग काल डोळे कुठे होते?"

"वायरकडे नव्हते," तो म्हणाला.

तिनं रागानं फोन ठेवला. आणि मग तिच्या लक्षात आलं की त्या खोलीत वायर, यंत्र आणि ती – याखेरीज बघण्यासारखं काही नव्हतंच. गाल तापले. या वेळी गाल तापावेत, याचा तिला आणखी राग आला.

फेरचाचणीत यंत्र सपशेल नापास झालं. वायर जागेवर लटकताच, यंत्राची पाठ अँटेनाकडे वळली रे वळली की रेघ मर्यादा ओलांडून उसळायची. साहेब म्हणाले, पहिला निकाल आहे ना आपल्याकडे, तोच पुढे करू. तिलाही क्षणभर तसंच वाटलं. तिनं ताईला सांगितलं. ताई मुलाला भरवत होती. हात न थांबवता म्हणाली, "शेजारच्या पाळण्यातलंही कुणाचं तरी असतंच की."

मग ती साहेबांशी भांडली. आठ दिवस मागून घेतले. आतली सर्किटची पट्टी नव्यानं आखली, वायरच्या मुळाशी लहरी अडवणारं कडं बसवलं. यंत्रात काय बदलायचं ते सांगणं फूटपट्टीच्या नियमात बसत नव्हतं. पण रेघ कुठल्या कोनात उसळते, एवढं तो फोनवर सांगे. पहिले दोन दिवस फोन रेघेबद्दल होते. तिसऱ्या दिवशी जेवलात का, हेही आलं. सातव्या दिवशी रेघ राहूनच गेली…

नवव्या दिवशी ती पेटी घेऊन पोचली, तर टेबलापाशी दुसराच माणूस. चष्मेवाला, वयस्कर.

पळाला? की काढून टाकलं त्याला, चूक कबूल केली म्हणून?

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी तिला आत बोलावलं आणि एक फॉर्म पुढे सरकवला. परीक्षक बदलायचा तर ग्राहकाची सही लागते, त्या म्हणाल्या. त्यानं स्वतःच नाव मागे घेतलंय. तिनं वाचलं. कारणाच्या रकान्यात त्याच्या सरळ, मोजल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'ग्राहकाच्या अभियंत्याशी वैयक्तिक संबंध. यापुढे माझं मोजमाप निष्पक्ष राहील याची खात्री देता येत नाही.' खाली, 'संबंधाचं स्वरूप' यापुढे एकच शब्द.

'एकतर्फी.'

फोनवर अवाक्षर नाही, आणि कबुली कुठे, तर सरकारी ठशाच्या फॉर्मवर, तीन प्रतींत.

"काही चुकीचं लिहिलंय का?" बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"एक शब्द." तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"खोडा की मग. फक्त खाडाखोडीपाशी सही करा."

तिनं तो शब्द खोडला. शेजारी सही केली.

चाचणी तास-दीड तास चालली. चष्मेवाल्यांनी चकती फिरवली, अँटेना वर-खाली केला आणि अखेर "पास, अगदी आरामात," असं म्हटलं. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

ती बाहेर आली. तो व्हरांड्यात उभा होता. हातात फॉर्मची प्रत, चेहरा पांढराफटक. तिला धक्का देऊन आता स्वतःच धक्का खाल्लेला.

"ही खाडाखोड…" तो चाचरला. "खालची सही तुमचीच ना?"

"माझीच," ती म्हणाली. "तुझी खात्री पटत नसेल, तर समोर बसून पुन्हा करते."