चादरीखालची तपासणी

रसिकाला जायचं होतं पलीकडच्या तळ्यावर. पण बांध चुकला, पाय चिखलात रुतला, चप्पल आतच राहिली... आणि नवघरच्या खाडीकाठी कोळंबीला खाणं टाकत उभ्या असलेल्या धर्मेशने कोपरापर्यंत हात घालून ती बाहेर काढली.

"थँक्यू. आता जरा पाणी द्या."

"पाय धुवायला?"

"तपासायला. तुमच्या तळ्याचं."

पोरगी जेसल पार्कची, केमिस्ट्रीत एमएस्सी करणारी. कोळंबी मरू नये म्हणून काही जण तळ्यात अँटिबायोटिक ओततात. ते पाण्यात उरलं की माल परदेशातून परत येतो. लॅबची तपासणी महाग, म्हणून रसिकाने स्वस्तातली कागदी पट्टी बनवलेली. पाण्यात बुडवायची, दुकानदार नोटा बघतात तो जांभळा दिवा वर धरायचा. औषध असलं तर पट्टी चमकणार.

फक्त अंधार हवा. भर दुपारी तो कुठून आणणार? तिने पिशवीतून काळी चादर काढली. "या आत."

आत दोन डोकी, एक दिवा... आणि तिच्या केसांचा वास. पट्टी काही चमकली नाही. चमकला तो धर्मेशचा पावडरने धुतलेला पांढरा शर्ट.

"पाणी स्वच्छ आहे. झालं काम."

झालं? एवढ्यात?

"उद्या परत बघू ना. सकाळचं पाणी वेगळं असतं!"

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने तपासणीच्या पाण्याच्या बाटलीत कपडे धुण्याची चिमूटभर पावडर टाकली. पट्टी लखलखली! मग काय, रसिका रोज यायला लागली. 'अहो'चं 'अरे' झालं. त्याची मनोरमा आत्या बांधावरून ओरडायची, "धर्मेश, दिवसाढवल्या चादरीत ही कसली तपासनी हाय र?"

"पाण्याची, आत्या!"

पण एक दिवस रसिका आली ती उतरलेल्या तोंडाने. चादरीत शिरली.

"लॅब म्हणते तुझ्या पाण्यात औषध नाहीच. माझी पट्टी खोटी ठरली, धर्मेश. सर म्हणाले, सोडून दे."

धर्मेशने हातातली बाटली खाली ठेवली. सांगावं तर ही जाणार... न सांगावं तर हिची मेहनत पाण्यात.

"पट्टी खरी आहे गं. खोटा मी. पावडर टाकायचो... तू परत यावीस म्हणून."

रसिकाने झटक्यात दिवा त्याच्या बाहीवर धरला. "पट्टी साबणानेही चमकते! मूर्खा, कोळंबीच्या टाक्या तर सगळेच साबणाने धुतात. म्हणजे पट्टी सोडायची नाही, सुधारायची. शर्ट रोज समोर चमकत होता... माझं लक्ष कुठे होतं कोण जाणे."

तो बघतच राहिला. शिव्या खायला मान खाली घातलेली, आणि ही बया त्याच्या लबाडीतून पुढचं काम काढून बसली!

"रागावलीस?"

"खूप." तिने दिवा विझवला. "पावडर कशाला लागते रे? नुसतं 'ये' म्हणायचं..."

"ये," धर्मेश म्हणाला.

ती सरकली जवळ. पट्टी कुठे पडली, कुणालाच पत्ता नाही.