दोन बाहुल्यांमधलं अंतर

“मॅडम, माझ्या नावावर कुणीतरी दुसऱ्याचे डोळे चढवलेत.”

सरकारी आरोग्य विम्याच्या कचेरीत तक्रारी तपासणाऱ्या मॅडमनी मान वर केली. या खुर्चीत येण्याआधी बारा वर्षं त्या चष्म्याच्या दुकानात काचा बसवत होत्या. समोर दोन बसचालक उभे होते. बोलले ते तात्या. बरोबर होते त्यांचे जोडीदार. डेपोतल्या सगळ्यांचे अर्ज लिहून देतात म्हणून त्यांना ‘मास्तर’ म्हणत.

“आपलाच नंबर लागला ना रे?” मास्तरांनी बसता बसता विचारलं. कचेरीतल्या सगळ्या टेबलांचे टोकन नंबर दाखवणाऱ्या दारावरच्या बोर्डवर सदतीसचा आकडा वीतभर उंचीने चमकत होता.

“आपलाच. बस.”

अठरा वर्षं दोघे एकच बस चालवत होते. सकाळपाळीचे तात्या दुपारी उतरायचे आणि किल्ली मास्तरांच्या हातात ठेवायचे. आत्ताही तात्यांच्या मुठीत किल्ली होती, पण मास्तरांच्या स्कूटरची. पाठ धरलीये म्हणून मास्तरांनी येताना त्यांनाच चालवायला लावली होती.

मास्तरांनी तक्रारीचा अर्ज काढला आणि हनुवटी वर उचलून, नाकाच्या शेंड्यावरून कागदाकडे बघत तो घडाघडा वाचून दाखवला. डेपोचं पत्र आलं होतं. तात्यांचा दूरचा नंबर मर्यादेबाहेर गेला आहे, सोमवारपासून बस बंद, गोदामात हजर व्हावे. पाच महिन्यांपूर्वी तात्यांनी विम्यातून डोळे तपासून बायफोकल चष्मा नेल्याची नोंद डेपोला मिळाली होती. तात्यांनी तर आयुष्यात चष्मा लावला नव्हता.

“पुन्हा तपासा म्हटलं, तर विम्यातून दोन वर्षांत एकदाच म्हणतात,” तात्या म्हणाले. “आणि डेपो दुसरा कुठलाच अहवाल मानत नाही. बस गेली तर मी संपलो, मॅडम. मला दुसरं काही येत नाही.”

मॅडमनी नोंद उघडली. दूरचा नंबर उणे सव्वादोन, खाली वाचायची काच. डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर अडुसष्ट मिलिमीटर.

त्यांनी ड्रॉवरमधून जुनी पट्टी काढून तात्यांच्या नाकावर आडवी धरली.

साठ.

“नंबर बदलतो,” त्या म्हणाल्या. “मोठ्या माणसाच्या बाहुल्यांमधलं अंतर बदलत नाही. तपासणीला तुम्ही नव्हतात. विम्याचं कार्ड कुठे असतं तुमचं?”

“कपाटात. कुलपात.”

“कधीच बाहेर निघालं नाही?”

“बायकोच्या ऑपरेशनला निघालं होतं. दोन दिवस. झाले की पाच महिने.”

“तिथे कोण कोण होतं?”

“मेहुणा होता. आणि हा. मला रजा मिळाली नाही, सगळी धावपळ यानेच केली.” तात्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

“मी बोलणार नव्हतो,” मास्तर हळूच म्हणाले. “पण मेहुण्याला तेव्हाच नवा चष्मा आलाय. घरातलं माणूस, म्हणून गप्प बसलो.”

तात्यांचा चेहरा उतरला. “अरे, त्याला मी अंगाखांद्यावर खेळवलाय.”

“वय काय त्याचं?” मॅडमनी विचारलं.

“सव्वीस.”

मॅडम खुर्चीला टेकून बसल्या. “मास्तर, दारावरचा आकडा वाचा बघू.”

मास्तरांनी डोळे बारीक केले आणि तात्यांकडे पाहिलं.

“त्यांच्याकडे नको. बोर्डाकडे.”

“सदतीसच आहे की.”

“एक्केचाळीस झालाय रे,” तात्या त्यांच्या मदतीला धावले. आणि बोलता बोलता थांबले.

“मेहुणा नाही,” मॅडम म्हणाल्या. “सव्विसाव्या वर्षी बायफोकल लागत नाही, ती चाळिशीनंतरची गोष्ट. खालच्या काचेतून वाचायचं तर हनुवटी उचलावी लागते. काही महिन्यांत मानेला ती खोडच जडते, मग चष्मा पिशवीत असला तरी जात नाही. अर्ज तुम्ही तसाच वाचलात, मास्तर. दूरचं दिसत नाही म्हणून टोकन यांना विचारलंत, स्कूटरही यांनाच दिलीत. आता पट्टी लावू?”

अडुसष्ट.

मास्तरांनी पिशवीतून चष्म्याचं घर काढून टेबलावर ठेवलं. इथून पुढे त्याला अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाही.

“बस कशी चालवत होतास?” तात्यांनी विचारलं.

“डेपोच्या फाटकाबाहेर पडलो की लावायचो.” त्याची नजर खालीच होती. “तुझे डोळे चांगले आहेत, तुला काही होणार नाही असं वाटलं. विम्याच्या नोंदी डेपोत जातात हे मला...”

“माहीत नव्हतं?” मॅडम मध्येच म्हणाल्या. “मग स्वतःचं कार्ड का नाही वापरलंत?”

 उत्तर तात्यांना कळलं. आपलं नाव डेपोत पोचणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्याने तात्यांचं पोचवलं होतं. बायको दवाखान्यात पडलेली, पण मास्तर तिच्या उशाशी आहे म्हणून तात्या त्या दिवशी निर्धास्त बस चालवत होते. त्यांचे डोळे भरून आले.

“हा अर्ज तूच लिहिलास,” ते म्हणाले. “माझ्या घरात बसून. आणि मी तुझ्या पाया पडायचा बाकी होतो.”

मॅडमनी जुनी नोंद रद्द केली आणि तात्यांना तपासणीची चिठ्ठी दिली, आत्ताच्या आत्ता, शेजारच्या खोलीत. मग चष्म्याकडे बोट करून त्या तात्यांना म्हणाल्या, “हा तुमच्या नावावरचा आहे. जमा करावा लागेल.”

“उद्या करा, मॅडम. त्याला आज रस्ता ओलांडून घरी जायचंय.”

तात्या उठले. मास्तरने सवयीने हात पुढे केला.

तात्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि डोळे तपासायला गेले.