तेरदाळ सरांच्या गाडीतला दोष

"सर, गाडीत काही नाही," असं हमीदा अत्तार पाचव्यांदा म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाचा तिला राग आला.

मिरजेत जुन्या, तारांच्या गाड्या दुरुस्त करणारं तिचं एकच गॅरेज उरलं होतं. बाकीच्या गाड्या तारांऐवजी प्रकाशतंतूंवर चालायच्या; बिघडल्या की भाग बदलायचा, संपलं. तेरदाळ सरांची गाडी मात्र अठ्ठावीस वर्षांची होती. ती चालता चालता दोन सेकंद मरायची आणि आपोआप जिवंत व्हायची. परवा मागून आलेला ट्रक वीतभर अंतरावर थांबला होता.

हमीदानं अर्थिंगची पट्टी बदलली, रिले बदलले, स्टिअरिंगखालची सगळी वायरिंग उसवून पाहिली. स्वतः दोनशे किलोमीटर चालवली. एकदाही बंद पडली नाही. सरांच्या हातात गेली की दुसऱ्या दिवशी फोन.

"शाळेत मला पदार्थविज्ञान शिकवलंत, आता गाडीलाही शिकवून ठेवलंय का, मला बघून शहाण्यासारखं वागायला?"

सर हसले नाहीत. "कधीमधी येणारा दोष शोधायला गेलं की सापडत नाही, हमीदा. तो येईल तेव्हा तिथं हजर राहावं लागतं."

म्हणून तिनं क्षणधर बसवला. हे यंत्र गाडीतल्या प्रत्येक तारेचा विद्युतदाब सेकंदाला लाख वेळा टिपायचं. सर चालवायला बसले, ती शेजारी. पहिला दिवस कोरडा गेला, दुसराही. तिसऱ्या दिवशी सांगली रस्त्यावर सरांनी उजवीकडे पुरतं वळण घेतलं आणि इंजिन मेलं. हमीदा आनंदानं ओरडली. सर मात्र स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते.

"चक्कर आली?"

"गाडी बंद पडली की येते. घाबरतो मी."

गॅरेजात परतल्यावर तिनं नोंद पडद्यावर उघडली. गाडी मेली त्या क्षणी गडबड एकाच तारेवर दिसत होती: इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरच्या. ती डॅशबोर्डाखालून जात होती. तिच्यावरचं, बाहेरचे संदेश अडवणारं जाळीचं वेष्टण पार कुजलं होतं.

"म्हणजे तार अँटेना झाली," सर म्हणाले. "बाहेरचा संदेश पकडते, इंजिनाचा मेंदू गोंधळतो. पण संदेश कुणाचा?"

"गाडीतला नाही. एकच आकडा पुन्हापुन्हा येतोय." तिनं तो बिनतारी संकेतांच्या सार्वजनिक कोशात घातला. आलेलं उत्तर तिनं दोनदा वाचलं. मग क्षणधराच्या नोंदीतल्या वेळा तिनं पुन्हा पाहिल्या. "सर, चक्कर आधी आली की गाडी आधी बंद पडली?"

"एकदमच. का?"

"संदेश आधी आलाय. अर्धा सेकंद. तुमच्या छातीतल्या पेसमेकरचा आहे. ते यंत्र म्हणतंय, 'हृदयातली तार सुटली.'"

सरांचा हात डाव्या खांद्याखाली गेला. "दर महिन्याला तपासतात की! पलंगावर झोपवून. सगळं ठीक असतं."

"झोपल्यावर हात वर जात नाही. उजवीकडे वळवताना डावा हात स्टिअरिंगवरून वर जातो, तार ताणली जाते. हात खाली आला की तार परत टेकते, आणि यंत्र तक्रार मागे घेतं." तिचा आवाज चिरका झाला. "दोन महिने मी गाडी उसवतेय, सर! आणि गाडी मला दुसरंच सांगत होती."

तिनं किल्ली काढून घेतली आणि त्यांना स्वतः इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी हात वर करवून तपासलं. दुसऱ्या दिवशी तार बदलली.

महिन्याभरानं सर गाडी न्यायला आले. हमीदानं वेष्टणाची नवी तार हातात घेतली होती.

"जुनी काढू नकोस," सर म्हणाले. "छातीतली ही नवी तारही कधी सुटली तर रस्त्यावर मला कोण सांगणार?"

"कुजलेली तार गाडीत ठेवू? माझ्या गॅरेजातून?" तिनं पक्कड बाकावर आपटली. सर वाट पाहत उभे राहिले. शेवटी तिनं इंजिनाला नवी तार जोडली, जुनी बाजूला काढली आणि डॅशबोर्डावरच्या एका लाल दिव्याला जोडून दिली.

"हा लागला तर गाडी बाजूला घ्यायची आणि मला नाही, डॉक्टरांना फोन करायचा," ती तणतणत म्हणाली, आणि तिनं बॉनेट धाडकन बंद केलं.