मागची डावी सीट

प्रितम म्हणजे भाजीवाल्याच्या तराजूवरही विश्वास न ठेवणारा माणूस. मग चौदा वर्षं जुनी गाडी घेताना त्याने काय काय तपासलं असेल, तुम्हीच समजा. बॉनेट उघडून पाहिलं, खाली आडवा होऊन पाहिलं. गाडी हवीच होती. आईला, द्रौपदीबाईंना, आठवड्यातून तीनदा मुलुंडहून घाटकोपरला डायलिसिसला न्यावं लागे, आणि रिक्षाच्या धक्क्यांनी म्हातारी अर्धमेली व्हायची. घरात ती दोघंच. आईशिवाय त्याला दुसरं कोणी नव्हतं.

मालाडच्या ज्या गृहस्थाने गाडी विकली, त्याने दाखवायला आणली तेव्हा मागच्या डाव्या सीटवर दळणाची पिशवी होती. चक्क सीटबेल्ट लावलेली! "सांडतं हो," तो म्हणाला. प्रितमला तेव्हा हसू आलं होतं.

पहिल्याच आठवड्यात गाडी घुमायला लागली. आईला सेंटरवर सोडून तो एकटा ऑफिसला निघाला आणि हायवेवर काटा पन्नासच्या पुढे गेला, की मागून बारीक आवाज यायचा... हूंऽऽऽ. तोंड मिटून कुणी गुणगुणावं तसा.

गुणाजी मेकॅनिकने मागचं डावं बेअरिंग बदललं. आवाज तसाच.

"जुनंच पुसून घातलंस ना रे?" प्रितम खेकसला.

"आयशप्पथ साहेब! चला, तुम्ही चालवा, मी ऐकतो."

नीट ऐकू यावं म्हणून गुणाजी मागे डावीकडे बसला. साठ झाले, सत्तर झाले, गाडी गप्प. तो उठून पुढे आला आणि आवाज सुरू. त्याने गाडी कडेला घ्यायला लावली, डिकीतून स्टेपनी काढून त्या सीटवर ठेवली. पुन्हा हायवे. आवाज बंद. स्टेपनी डिकीत टाकली... हूंऽऽऽ.

गुणाजीने मान वळवून मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. प्रितमला वाटलं, आता हा नवं काहीतरी गळ्यात मारणार.

"वजन पडलं की बेअरिंग ओरडतं, साहेब," तो शेवटी हळू आवाजात म्हणाला. "हिचं उलटं आहे. ती सीट रिकामी राहिलेली हिला चालत नाही."

"मग? करायचं काय?"

"रिकामी ठेवू नका."

त्यानंतर गुणाजीने गाडीला हात लावला नाही. प्रितमला ती दळणाची पिशवी आठवली. तो भामटा सगळं जाणून होता तर! तिथल्या तिथे त्याने फोन लावला. नंबर बंद.

रात्री जेवताना त्याने आईकडे रोखून पाहिलं. "तू नेहमी डावीकडेच का बसतेस गं?"

"बरं वाटतं रे तिथे. सीट उबदार असते." ती भात चिवडत म्हणाली. "कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी."

आता त्याला आईचाही संशय यायला लागला. ही काहीतरी लपवतेय.

गुरुवारी डायलिसिस संपल्यावर सिस्टरने तिला काट्यावर उभं केलं. "छत्तीस किलो. छान, मावशी."

"येते गं. जय भीम," आई कशीबशी म्हणाली. प्रितमने तिला स्वतः मागे बसवलं, पट्टा स्वतः लावला. दुपारचे दोन वाजलेले, ऊन रणरणत होतं. विक्रोळीला आईने काचेवर डोकं टेकलं. कांजूर गेलं. काटा पंचावन्नवर आला...

हूंऽऽऽ.

वजन उतरलंय तिचं, म्हणून असेल, त्याने स्वतःला समजावलं. पण स्टेपनी तर पंधराच किलोची होती.

"आई?"

त्याने आरसा तिच्याकडे वळवला.

"आई, जागी आहेस ना गं...?"

आरशात पांढरा पदर तेवढा दिसत होता.

"हो रे," मागून आवाज आला. तिचाच. फक्त दमलेला नव्हता. "तू पुढे बघ."

घुमणं चालूच होतं. मुलुंड आलं, गल्लीत काटा वीसवर उतरला, तरी ते थांबेना. बिल्डिंगचं गेट आलं. वॉचमनने ओळखीचा हात केला. प्रितमचा पाय ब्रेककडे गेला आणि तिथेच अडला. गाडी थांबवली असती, तर उतरून मागचं दार उघडावं लागलं असतं. गेट मागे पडलं. तो रडत होता, पण नजर मात्र समोरच होती. दार उघडेपर्यंत तरी त्याची आई गाडीत होती.